मटाराचा दाणा आणि दादासाहेब

माझे घर पेणला. घर म्हणजे खाली गणपतीचा कारखाना आणि वर आम्ही. आषाढ-श्रावणात आमच्याकडे जेवणाच्या ताटाशेजारीही रंगाची वाटी असते. कॉलेजसाठी मी रोज आगगाडीने रोह्याला येतो. कासू, नागोठणे मागे पडत असतात आणि मी मोबाइलवर जपानी अ‍ॅनिमे, म्हणजे हाताने रेखाटलेले हलते चित्रपट, पाहत असतो. त्याशिवाय भजनात पेटी वाजवणे आणि वहीच्या कोपऱ्यात चित्रे काढणे हे आणखी दोन नाद. वडिलांच्या मते या तिन्हींपैकी एकही नाद भाकरी देणारा नाही. मुलाने पदवी घ्यावी, स्पर्धा परीक्षा द्यावी आणि मोकळे व्हावे. त्यांचे चुकते असेही नाही. कारखान्याची कमाई वर्षातून एकदा येते, कर्ज मात्र बाराही महिने असते.

या ओढाताणीत मला आपल्या ग्रंथालयात एक माणूस भेटला. धुंडिराज गोविंद फाळके. भारतीय चित्रपटाचे जनक, एवढे सामान्यज्ञानाच्या पुस्तकातून पाठ होते. त्या एका ओळीमागे केवढे आयुष्य उभे आहे, हे तेव्हा प्रथमच कळले.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी, एका वेदशास्त्रसंपन्न घराण्यात झाला. मुलानेही शास्त्री व्हावे अशीच घरची रीत. पण या मुलाचे मन चित्रात आणि नाटकात. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकले. गोध्र्याला त्यांनी फोटोचा धंदा थाटला. पण प्लेगात पत्नी आणि मूल दोघेही गेले. नंतर त्यांनी जादूचे प्रयोग केले, पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, ती सोडून लोणावळ्याला छापखाना काढला आणि राजा रविवर्मा यांच्या छापखान्याचीही कामे केली. भागीदारांशी पटले नाही, तेव्हा तोही धंदा सुटला. चाळिशीला आलेला, घरसंसार असलेला आणि हातात काही नसलेला माणूस! आजच्या भाषेत आपण त्याला अपयशी म्हणून मोकळे झालो असतो.

अशा वेळी, १९१० च्या सुमारास, त्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. आपले राम-कृष्णही असेच पडद्यावर चालले पाहिजेत, या विचाराने त्यांची झोप उडाली. रात्रंदिवस चित्रपट पाहून आणि प्रयोग करून डोळ्यांवर इतका ताण पडला की काही काळ दिसेनासे झाले. उपचारांनी दृष्टी परत आली, तशी त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली आणि १९१२ मध्ये लंडन गाठले. तेथे सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत काम पाहिले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला आणि परत आले.

आता भांडवल कोण देणार? दादासाहेबांनी कुंडीत मटाराचा दाणा पेरला. समोर कॅमेरा रोवला आणि रोपाची वाढ थोडीथोडी, दिवसामागून दिवस टिपत राहिले. फीत पडद्यावर सोडली, तर इवल्याशा अंकुराचे पाहता पाहता वेलात रूपांतर! ‘अंकुराची वाढ’ या चिमुकल्या चित्रपटाने सावकाराचा विश्वास बसला. १९१५ मध्ये त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. काडी थोडी सरकवायची, चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायची. आज ज्याला आपण अ‍ॅनिमेशन म्हणतो, त्याचे मूळ तत्त्व हेच. १९१७ मध्ये जपानमध्ये अ‍ॅनिमेचे पहिले चित्रपट प्रदर्शित झाले, त्याच्या दोन वर्षे आधी आपल्याकडे आगकाड्या चालू लागल्या होत्या. माझ्या मोबाइलवरच्या अ‍ॅनिमेचे हे दूरचे गणगोत पाहून मला अगदी घरचे माणूस भेटल्यासारखे वाटले.

‘राजा हरिश्चंद्र’ची कथा सर्वांना माहीत आहे. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, म्हणून उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. रोहिदासाचे काम दादासाहेबांच्याच मुलाने केले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये चित्रपट लोकांपुढे आला. पण माझे लक्ष खिळले ते सरस्वतीबाई फाळक्यांवर. दागिने गेले तरी त्यांनी तक्रार केली नाही. दिवसभर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक रांधून त्या फिल्मला भोके पाडत, रसायने कालवत, रात्री फिल्म धूत. नाव झाले ते मात्र दादासाहेबांचे.

ते चित्रपट मुके होते, पण चित्रगृहे मुकी नव्हती. पडद्याजवळ बसून पेटी-तबलेवाले प्रसंगाप्रमाणे वाजवत. आपली कला अंधारात बसून दुसऱ्याच्या चित्राला वाहणारे ते वादक कोण होते, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. भजनात पेटी घेऊन बसलो की हल्ली मला ते आठवतात.

१९१७ च्या ‘लंकादहन’ने दादासाहेबांना अमाप यश दिले. १९१८ मध्ये हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. ‘कालियामर्दन’मध्ये त्यांची लहानगी मंदाकिनी कृष्ण झाली. पुढे भागीदारांशी बिनसले, तेव्हा ते सर्व सोडून काशीला गेले. परतले खरे, पण काळ पुढे सरकला होता. चित्रपट बोलू लागले. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, १९३७ मध्ये, त्यांनी ‘गंगावतरण’ हा बोलपट केला, तो अखेरचा. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला, विपन्नावस्थेत, त्यांनी देह ठेवला. त्यांचे बहुतेक चित्रपट नष्ट झाले. त्या आगकाड्याही गेल्या. पण रामकथा पडद्यावर चालावी ही त्यांची तळमळ वाया गेली नाही. १९९२ मध्ये जपानचे युगो साको आणि आपले राम मोहन यांनी मिळून रामायणाचा अ‍ॅनिमे पूर्ण केला, तेव्हा दोन्ही देशांचे हात एकाच कथेवर फिरले.

वाचकमित्रहो, हे चरित्र वाचून मी गप्प बसू शकलो नाही. अक्षय्य तृतीयेपासून गणेश चतुर्थीपर्यंत कारखान्याच्या रिकाम्या फळ्या मूर्तींनी कशा भरत जातात, त्याचे रोज एक चित्र घ्यायचे ठरवले. पहिल्या वर्षी एकोणिसाव्या दिवशी टेकूच सरकला आणि सगळे वाया गेले. दुसऱ्या वर्षी फळीला खिळे ठोकून मोबाइलची जागा पक्की केली. जूनमध्ये कॉलेज सुरू झाले आणि रोजची ठरलेली वेळ माझ्या तासांना येऊ लागली. तेव्हा माझा जुना मोबाइल तिथेच ठेवून मी आईला बटण दाखवले. मूर्तींना पीतांबराचा रंग देता देता ती हात पुसून उठे आणि चित्र घेई. एक दिवसही चुकला नाही.

एकशेवीस चित्रे झाली. सेकंदाला बारा, म्हणजे चार महिन्यांचे अवघे दहा सेकंद! पांढऱ्या मूर्तींवर रंग चढतो, डोळ्यांची आखणी होते, आणि शेवटच्या क्षणी फळ्या पुन्हा रिकाम्या होतात. त्याला मी पेटीवर भूपाचे चार सूर लावले. वडिलांनी उभ्या उभ्या पाहिले. काही बोलले नाहीत. फक्त पुन्हा एकदा लाव, अशी हाताने खूण केली आणि खाली बसले.

स्पर्धा परीक्षेचा अर्ज मी भरला आहे. वडिलांना शब्द दिला आहे आणि तो पाळीन. पण वही बंद केलेली नाही. दादासाहेबांनी मला धनाचा किंवा कीर्तीचा मार्ग दाखवला नाही. त्यांना स्वतःलाच तो अखेरपर्यंत लाभला नाही. रोज एक चित्र, एवढेच त्यांनी शिकवले. आणि सरस्वतीबाईंनी शिकवले ते असे की, त्या चित्रामागे कोणाचे हात आहेत ते विसरू नये. म्हणून माझ्या दहा सेकंदांच्या शेवटी मी एकच नाव लिहिले आहे. ते आईचे आहे.