जंगलातल्या केबिनमध्ये बीव्हरसोबत राहणारा ‘आदिवासी’ वारला आणि लगेच त्याचं बिंग फुटलं

ना लाईट, ना रेंज, अशा जंगलातल्या केबिनमध्ये चार दिवस राहायची आज फॅशन आहे. पण कॅनडातला एक माणूस अशा केबिनमुळे ९० वर्षांपूर्वीच जगभर गाजला होता. नाव ग्रे आऊल.

सस्कॅचवान प्रांतातल्या प्रिन्स अल्बर्ट नॅशनल पार्कमध्ये अजावान नावाचं तळं आहे. १९३१ मध्ये पार्कवाल्यांनी त्याला तिथं ओंडक्यांची केबिन दिली. काम काय, तर बीव्हर सांभाळायचे. बीव्हर म्हणजे झाडं कुरतडून ओढ्यावर धरण बांधणारा प्राणी. जेली रोल आणि रॉहाईड या जोडीने तर आपलं घर थेट केबिनच्या आतच बांधलं. खोलीत काटक्या-चिखलाचा ढीग आणि खालून तळ्यात उतरायची वाट. भाडेकरू नेमका कोण, हा प्रश्नच होता.

गंमत म्हणजे हा गडी आधी कातड्यांसाठी बीव्हरच मारायचा. १९२८ मध्ये त्याने एका मादीला मारलं, मागे दोन पिल्लं उरली. मोहॉक वंशाची बायको अनाहारेओ त्यांना वाचवायचंच म्हणून अडून बसली. पिल्लं घरात आली आणि याचा सापळा सुटला तो कायमचा. म्हणजे खरं श्रेय तिचं, पण नाव झालं त्याचं.

मग पुस्तकं आली, ब्रिटनचे दौरे झाले. वेणी, हरणाच्या कातड्याचे कपडे आणि आई अपाची असल्याची गोष्ट. १९३७ मध्ये तो बकिंगहॅम पॅलेसमध्येही बोलून आला. त्याआधी लेस्टरच्या भाषणाला रिचर्ड अॅटनबरो नावाचा पोरगा बसला होता. तोच, पुढे ‘गांधी’ काढणारा. १९९९ मध्ये त्याने ग्रे आऊलवरही सिनेमा केला.

१३ एप्रिल १९३८ ला न्यूमोनियाने ग्रे आऊल गेला, वय ४९. लगेच नॉर्थ बे नगेट या पेपरने तीन वर्षं दाबून ठेवलेली बातमी छापली. हा आदिवासी नव्हताच! इंग्लंडच्या हेस्टिंग्जमध्ये जन्मलेला, १७ व्या वर्षी कॅनडात आलेला आर्ची बेलनी होता. एक लग्न न मोडता दुसरं केल्याचंही बाहेर आलं.

लोक भडकले, पुस्तकांची विक्री थांबली. ज्यांची ओळख त्याने वापरली, त्यांचा राग आजही रास्तच आहे. पण बीव्हर संपत चाललेत, हे तो खरंच सांगत होता.

केबिन अजून उभी आहे. साधारण २० किलोमीटर चालत किंवा होडीनं जावं लागतं. शेजारीच त्याची कबर आहे आणि अनाहारेओचीही.