बुद्धीचे माप घडविणारा माणूस : आल्फ्रेड बिने

(द्वितीय वर्ष कला)

परीक्षा हा शब्द नुसता उच्चारला तरी आपल्यापैकी बहुतेकांच्या पोटात गोळा येतो. वर्षभराच्या अभ्यासाचे तीन तासांत माप होते आणि हुशार कोण व ढ कोण हे ठरून जाते. पण हे माप कसे तयार करतात, आणि कशासाठी, याचा विचार आपण परीक्षार्थी सहसा करीत नाही. ज्याने तो आयुष्यभर केला, त्या आल्फ्रेड बिने यांची ओळख माझ्या विद्यार्थी-मित्रांना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बिने यांचा जन्म जुलै १८५७ मध्ये नीस या समुद्रकाठच्या शहरी झाला. वडील डॉक्टर होते. बिने यांनी पॅरिसला १८७८ मध्ये कायद्याची पदवी घेतली, पण वकिलीत त्यांचे मन रमले नाही. वैद्यकाचा अभ्यासही अर्धवट सुटला. तेथील राष्ट्रीय ग्रंथालयात बसून त्यांनी मानसशास्त्राची पुस्तके स्वतःच वाचून काढली. या विषयात त्यांना कोणी रीतसर गुरू नव्हता. ज्यांच्या घरात पूर्वी कोणी कॉलेजचे तोंड पाहिले नाही, अशा माझ्यासारख्याला त्यांच्या चरित्रातील हा भाग फार जवळचा वाटतो.

पुढे साल्पेत्रिएर इस्पितळात डॉ. शार्को यांच्या हाताखाली ते संमोहनावर काम करू लागले. फेरे या सहकाऱ्याबरोबर त्यांनी असे प्रसिद्ध केले की, लोहचुंबक फिरवला की संमोहित रुग्णाची लक्षणे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जातात. बेल्जियमच्या देल्बफ यांनी दाखवून दिले की हा चुंबकाचा प्रभाव नसून प्रयोग करणाऱ्याच्या सूचनेचा परिणाम आहे. बिने यांची नाचक्की झाली, पण अखेर त्यांनी आपली चूक मान्य केली. पुढे मुलांच्या डोक्यांची मापे घेऊन बुद्धी कळते का, हे तपासतानाही ते सावध राहिले. हुशार आणि मागे पडलेल्या मुलांच्या डोक्यांतला फरक अगदी थोडा निघाला, शिवाय माप घेणाऱ्याचा पूर्वग्रह मापात उतरतो हेही त्यांना उमगले. परीक्षकाच्या मनातले परीक्षेत उतरते, हा धडा त्यांनी असा दोनदा घेतला.

माद्लेन आणि अलिस या आपल्या दोन मुलींचे खेळणे, बोलणे, विचार करणे ते बारकाईने टिपून ठेवीत. १८९१ मध्ये ते सॉर्बनच्या मानसशास्त्र प्रयोगशाळेत आले व पुढे तिचे संचालक झाले. प्राध्यापकपद मात्र त्यांना तेथे कधीच मिळाले नाही.

फ्रान्समध्ये १८८१-८२ च्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे झाले. सर्व थरांतली मुले शाळेत आली, आणि जी मागे पडतात त्यांचे काय करावे असा प्रश्न उभा राहिला. १९०४ मध्ये सरकारने एक समिती नेमली. बिने तिचे सभासद होते. अशा मुलांसाठी खास वर्ग काढायचे, तर मुले निवडायची कशी? एकाच मुलाला दोन डॉक्टर दोन निदाने देत. शिक्षकावर सोपवावे, तर केवळ खोडकर म्हणून एखादे पोर वर्गाबाहेर जाण्याची भीती होती.

म्हणून १९०५ मध्ये बिने आणि त्यांचे सहकारी डॉ. थिओडोर सिमॉन यांनी ३० कसोट्यांची श्रेणी तयार केली. तिची रचना पाहण्यासारखी आहे. सोप्याकडून अवघडाकडे ती चढत जाते. पेटलेल्या काडीमागे नजर फिरते का, चॉकलेट आणि लाकडाचा तुकडा यांतला फरक कळतो का, येथून सुरुवात होते. मग तीन अंक ऐकून पुन्हा म्हणणे, माशी व फुलपाखरू यांतील भेद सांगणे, आणि शेवटी अमूर्त शब्दांतला फरक. पाठांतराची परीक्षा न होता समज तपासली जावी, हा कटाक्ष होता. प्रश्न आधी सर्वसाधारण मुलांना विचारून पाहिले. ३, ५, ७, ९ आणि ११ वर्षे या वयांची प्रत्येकी सुमारे १० मुले घेतली. कोणत्या वयाला काय जमते हे मुलांनीच दाखवले. १९०८ च्या सुधारणेत कसोट्या वयानुसार लावल्या, आणि १९११ मध्ये शाळेतल्या लिहिण्यावाचण्यावर अवलंबून असलेल्या काही कसोट्या काढून टाकल्या.

एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. ब्रुसेल्सच्या एका खासगी शाळेतील सुखवस्तू मुले याच कसोट्यांत पॅरिसच्या गरीब वस्तीतील मुलांच्या पुढे गेली. बिने यांनी हा फरक झाकला नाही. घरच्या परिस्थितीचा वाटा किती, याचा त्यांनी विचार केला. बुद्धी जन्मतःच ठरलेली व न बदलणारी असते, या मताला त्यांनी १९०९ च्या आपल्या पुस्तकात कडाडून विरोध केला. मागे पडलेल्या मुलांचे लक्ष व स्मरण वाढावे म्हणून त्यांनी खेळासारखे व्यायाम सुचवले : पुतळ्यासारखे स्तब्ध उभे राहणे, क्षणभर दाखवलेल्या वस्तू आठवून सांगणे. मदत कोणाला हवी हे कळावे, यासाठीच त्यांची परीक्षा होती.

१८ ऑक्टोबर १९११ रोजी, अवघ्या ५४ व्या वर्षी, ते वारले. पुढच्याच वर्षी जर्मनीच्या स्टर्न यांनी वयाच्या भागाकाराची कल्पना मांडली आणि त्यातून बुद्ध्यंक आला. अमेरिकेत गोडार्ड, टर्मन यांच्या हाती हेच माप माणसांना कायमचे शिक्के मारण्यासाठी वापरले गेले. आपल्याकडे डॉ. वि. वि. कामत यांनी मराठी व कानडी मुलांसाठी त्याचे रूपांतर केले. ते ‘बिने-कामत कसोटी’ म्हणून ओळखले जाते.

माझ्या गावात एकदा नापास झाल्यावर शाळा कायमची सोडलेली मुले मी पाहिली आहेत. त्यांना काय येत नव्हते हे निकालाच्या कागदावर होते, पण ते कसे येईल हे कोणी विचारले नाही. बिने यांनी माप हाती घेतले ते हा दुसरा प्रश्न विचारण्यासाठी. उद्या आपल्यातले कित्येक जण शिक्षक होतील, प्रश्नपत्रिका काढतील. तेव्हा गुण मांडून झाल्यावर हा प्रश्नही आपण विचारावा, असे मला मनापासून वाटते.