फुरसुंगीचा वीर आणि त्याचे जनक

आकाशात उडणारा सुपरमॅन १९३८ साली अमेरिकेतील चित्रकथांच्या पानांवर अवतरला. पुढे इंद्रजाल कॉमिक्समधील बुरखाधारी वेताळाने आपल्याकडील मुलांना वेड लावले. मराठीत मात्र मुलांचा जो लाडका वीर जन्मला, त्याच्यापाशी ना झूल, ना बुरखा. हाडकुळी अंगकाठी, एक सायकल आणि तोंडून निघणारा ‘ट्टॉक’ एवढीच त्याची सामग्री! तो म्हणजे फास्टर फेणे. त्याचे जनक भा. रा. भागवत यांचे चरित्र मला त्याच्या साहसांइतकेच मोलाचे वाटते.

भास्कर रामचंद्र भागवत यांचा जन्म ३१ मे १९१० रोजी इंदूर येथे झाला. तरुणपणी ते दिल्लीला ऑल इंडिया रेडिओच्या वृत्तविभागात नोकरीस होते. १९४२ साली ‘चले जाव’ची हाक आली आणि भागवतांनी ती सरकारी नोकरी सोडून चळवळीत उडी घेतली. ज्या घरात पहिल्या पगाराची वाट पाहिली जाते, त्या घरातील मुलालाच या राजीनाम्याचे वजन नेमके कळेल.

स्वातंत्र्याच्या वर्षी त्यांनी मुलांसाठी ‘बालमित्र’ हे मासिक काढले. मुलांचे मासिक चालवणे म्हणजे पदरमोडीचा व्यवहार. काही वर्षांनी ते बंद पडले, पण भागवतांची लेखणी थांबली नाही. ज्यूल व्हर्नच्या विज्ञानकादंबऱ्या त्यांनी मराठी मुलांच्या हाती दिल्या. ‘चंद्रावर स्वारी’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ ही नावेच पाहा. ती परक्या मुलखातून आली आहेत अशी शंकाही येत नाही. त्यांच्या पत्नी लीलावती भागवत याही बालसाहित्यिका. मुंबई आकाशवाणीवरील त्यांचे कार्यक्रम घरोघरी ऐकले जात. मुलांसाठी लिहिणे हे या दांपत्याने दुय्यम काम मानले नाही.

बनेश फेणे हा मूळचा पुण्याजवळच्या फुरसुंगीचा, शिकायला पुण्याच्या विद्याभवनात आलेला. त्याची पुस्तके वीस झाली. तो प्रतापगडावर गेला, गुलमर्गला गेला, चक्रीवादळात सापडला, विमानचोरांशीही भिडला. पण प्रत्येक वेळी कामी आली ती त्याची चलाखी, धिटाई आणि दुसऱ्यासाठी धावून जाण्याची वृत्ती. खरवईहून निघून कॉलेजची पायरी चढणाऱ्या माझ्यासारख्याला फुरसुंगीचा बन्या परका कसा वाटावा? खेड्यातला मुलगा शहरात येऊन दबून राहत नाही, हे त्याने आम्हांला शिकवले.

दूरदर्शनच्या मालिकेत सुमीत राघवन यांनी ही भूमिका केली. पुढे ऑक्टोबर २०१७ मध्ये आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘फास्टर फेणे’ हा चित्रपट आला. त्यात अमेय वाघ यांचा बनेश मोठा झाला आहे आणि वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आला आहे. परीक्षेला आलेल्या एका मुलाच्या मृत्यूला सारे आत्महत्या म्हणतात. बनेशला ते पटत नाही आणि तो मुळाशी जातो. दिलीप प्रभावळकर यांनी त्यात साक्षात भागवतांचीच भूमिका केली आहे. जनक आणि मानसपुत्र एकाच पडद्यावर!

कोणी म्हणेल, मुलांचा वीर प्रौढ करून पटकथाकाराने त्याचा निरागसपणा घालवला. ही तक्रार अगदीच खोटी नाही. पुस्तकातील बन्याची मौज निराळीच. तरी मला हा बदल योग्य वाटतो. ज्यांच्यामागे ना वशिला ना पैसा, त्यांना परीक्षा ही एकच शिडी असते. त्या शिडीलाच कोणी कीड लावली, तर तिथे धावून जाणारा वीर हवाच.

भागवत २००१ साली, वयाच्या ९१ व्या वर्षी गेले. चित्रपट त्यांनी पाहिला नाही. पण अंगी अद्भुत शक्ती नसली तरी अन्यायापुढे स्वस्थ बसू नये, ही शिकवण त्यांनी आधी स्वतः १९४२ साली आचरली आणि मगच फेणेच्या सायकलवर बसवून मराठी घरांत धाडली. असा लेखक बालवाङ्मयाला लाभला, हे आपले भाग्यच नव्हे काय?