फादर डेमियन यांचा चेहरा

संत डेमियन यांच्या पवित्र चित्रांत बहुधा एक तरुण, देखणे धर्मगुरू दिसतात. डोळ्यांवर चष्मा, हातात क्रूस. हे चित्र आपल्याला आवडते. पण त्यांचे आणखी एक चित्र आहे, जे आपण सहसा घरात लावत नाही. १० मे हा त्यांचा सण. त्यानिमित्त त्या दुसऱ्या चित्राविषयी सांगावे असे आम्हांला वाटते.

योझेफ दे व्ह्यूस्टर यांचा जन्म ३ जानेवारी १८४० रोजी बेल्जियममधील ट्रेमेलो येथे झाला. हवाई बेटांवरील मिशनकार्यासाठी खरे तर त्यांचे थोरले बंधू फादर पॅम्फिल जायचे होते. ते आजारी पडले आणि धाकटे बंधू त्यांच्या जागी गेले. १८६४ मध्ये होनोलुलू येथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

त्या काळी कुष्ठरोगावर औषध नव्हते. हवाई सरकार रोग्यांना घरच्यांपासून तोडून मोलोकाई बेटाच्या एका टोकाला नेऊन सोडत असे. पाठीशी उंच कडा, बाकी सगळा समुद्र. १० मे १८७३ रोजी फादर डेमियन तेथे उतरले. सुरुवातीच्या रात्री त्यांनी केवड्याच्या जातीच्या एका झाडाखाली काढल्या.

संतांना किळस येत नसावी, असा आपला समज असतो. फादर डेमियन यांना ती येत असे. रोग्यांच्या झोपडीतला दुर्गंध सहन न होऊन त्यांना नाक दाबावे लागे, मोकळ्या हवेसाठी बाहेर थांबावे लागे. कपड्यांना तो वास चिकटू नये म्हणून ते पाइप ओढू लागले. आणि पुन्हा आत जात राहिले. त्यांनी जखमा धुतल्या, घरे बांधली, शवपेट्याही स्वतःच्या हातांनी तयार केल्या. रोग्यांबरोबर ते एकाच भांड्यातून जेवत.

१८८४ च्या अखेरीस गरम पाण्याने त्यांचा पाय भाजला, फोड आले, पण वेदना जाणवली नाही. रोग त्यांनाही झाला होता.

डिसेंबर १८८८ मध्ये एडवर्ड क्लिफर्ड हे इंग्रज चित्रकार त्यांना भेटायला आले. त्यांनी फादरांचे चित्र काढले. ते पाहून फादर चकित झाले. आपला चेहरा इतका विद्रूप झाला आहे, रोग इतका पुढे गेला आहे, याची त्यांना कल्पनाच नव्हती. त्या वस्तीत आरशाचा वापर फारसा नव्हताच. चित्राची प्रत बेल्जियमला भावाकडे पाठवू का, असे क्लिफर्ड यांनी विचारले. फादरांनी नको म्हटले. स्वतःच्या रूपाची त्यांना लाज वाटली असे आम्हांला वाटत नाही. आपला असा चेहरा पाहून भावाला दुःख होईल, एवढीच त्यांना काळजी होती.

१५ एप्रिल १८८९ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी, ते देवाघरी गेले. ज्या झाडाखाली ते प्रथम झोपले होते, त्याच झाडाखाली त्यांना पुरण्यात आले. १९३६ मध्ये त्यांचा देह बेल्जियमला नेण्यात आला. ११ ऑक्टोबर २००९ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्यांना संत घोषित केले. त्याआधी, १९९५ मध्ये, मोलोकाईच्या लोकांसाठी त्यांच्या उजव्या हाताचे अवशेष परत आणून त्याच जुन्या कबरीत ठेवण्यात आले.