लोकशाहीर अण्णा भाऊ साठे

मुलांनो, अलोऱ्याहून कुंभार्ली घाट चढून गेले की पाटण लागते, मग कऱ्हाड. तेथून पुढे, आजच्या सांगली जिल्ह्यात, वाटेगाव नावाचे खेडे आहे. या गावी १ ऑगस्ट १९२० रोजी एका गरीब मातंग कुटुंबात तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म झाला. महाराष्ट्र त्यांना अण्णा भाऊ साठे या नावाने ओळखतो.

तुम्ही रोज शाळेत जाता. अण्णा भाऊंना शाळा लाभली ती जेमतेम दीड दिवस. पुढे ते वडिलांबरोबर पायी चालत मुंबईस आले. तेथे त्यांनी हमाली केली, कापडाच्या गिरणीत काम केले. दुकानांच्या पाट्या पाहून ते वाचायला शिकले.

गिरणीत त्यांना कामगारांची दुःखे कळली. ती सर्वांना सांगावीत असे त्यांना वाटे. पण ज्याला वाचता येत नाही त्याला पुस्तक देऊन काय उपयोग? म्हणून त्यांनी तमाशाची ढोलकी, गाणी आणि विनोद घेतले व लोकनाट्ये लिहिली. १९४४ साली त्यांनी शाहीर अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह ‘लाल बावटा कलापथक’ काढले. हे तिघे कामगारांच्या वस्त्यांत कार्यक्रम करीत. जुन्या तमाशात आरंभी गणपतीला वंदन असे. अण्णा भाऊंनी कष्टकऱ्यांना वंदन केले! ‘माझी मुंबई’ या लोकनाट्यात त्यांनी विचारले, की मुंबई कोणाची, शेटजीची की घाम गाळणाऱ्यांची? सरकारने कलापथकावर बंदी घातली, तरी त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतही त्यांची गाणी गाजली.

त्यांच्या ‘फकिरा’ या कादंबरीस १९६१ साली राज्य शासनाचे पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले. एवढे नाव होऊनही ते अनेक वर्षे घाटकोपरच्या चिरागनगरात एका झोपडीत राहिले. ‘चिराग’ म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. त्या झोपडीतल्या दिव्याचा उजेड मात्र दूरवर पोहोचला.

१८ जुलै १९६९ रोजी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, गरिबीतच त्यांचे निधन झाले. २००२ साली भारत सरकारने त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले. दीड दिवस शाळा शिकलेल्या माणसाची पुस्तके आज विद्यापीठांत शिकवली जातात. मुलांनो, तुम्हाला तर शाळेची कितीतरी वर्षे मिळाली आहेत. त्यांचे तुम्ही काय कराल?