बगदादचा परागंदा, पुण्याचा ससून

मारुंजी, हिंजवडी, माण ही मुळशी तालुक्यातली गावे आज संगणकाच्या कंपन्यांमुळे दूरदूरच्या लोकांना ठाऊक झाली आहेत. पण या बाजूच्या जुन्या माणसांच्या तोंडी एक परका शब्द त्याच्या कितीतरी आधी बसला होता. घरातले दुखणे गावच्या औषधाला दाद देईनासे झाले, बाळंतीण अडली, शेतात कुणाला पान लागले, की पेशंटला ससूनला हलवायचे ठरे. ससून म्हणजे पुण्यातला मोठा सरकारी दवाखाना. हे एका माणसाचे आडनाव आहे, आणि तो माणूस स्वतःच्या गावातून जीव वाचवून पळालेला होता, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते.

डेव्हिड ससून यांचा जन्म १७९२ साली बगदादचा. ज्यू लोक त्या मुलखात अडीच हजार वर्षांपासून राहत होते. डेव्हिड यांचे वडील शेख ससून हे बगदादच्या पाशांचे खजिनदार आणि तिथल्या ज्यू समाजाचे प्रमुख. घरी संपत्ती होती, दरबारी मान होता. पण हा मान कायद्याने दिलेला नव्हता, तो राज्यकर्त्याच्या मर्जीवर टांगलेला होता. मर्जी फिरली की सारेच फिरे.

आणि ती फिरली. १८१७ साली दाऊद पाशा बगदादच्या गादीवर आला. त्याच्या कारकिर्दीत ज्यूंचा छळ सुरू झाला. सधन घरे हेरून त्यांच्याकडून पैसा उकळण्यात येऊ लागला. डेव्हिड यांनाही कैद झाली. वृद्ध वडिलांनी पैसा ओतून मुलाला सोडवले आणि घाईघाईने नावेत बसवून दिले. कमरेला पैशांचा कसा आणि अंगरख्याच्या अस्तरात शिवलेले मोती एवढ्यावर ते निघाले, असे सांगतात. इराणच्या किनाऱ्यावरचे बुशहर बंदर हा त्यांचा पहिला आसरा. मागोमाग वडीलही तिथे पोचले, पण प्रवासाने आणि दुःखाने खचलेल्या त्या म्हाताऱ्याने १८३० साली तिथेच डोळे मिटले. पिढ्यान्‌पिढ्या खजिना सांभाळणाऱ्या घराण्याच्या कर्त्या पुरुषाला परक्या मातीत मूठभर जागा मिळाली.

१८३२ च्या सुमारास डेव्हिड मुंबईत उतरले. त्यांना इथे काय दिसले असेल? ज्यू माणूस इथे नवा नव्हता. कोकणात, विशेषतः अलिबागच्या परिसरात, बेने इस्रायल लोक शतकानुशतके राहत होते. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. घरात मराठी बोलत, आडनावे गावांवरून घेत. त्यांच्यातल्याच सॅम्युअल इझिकेल दिवेकर या कंपनीच्या पलटणीतल्या माणसाने मुंबईत १७९६ साली पहिले सिनेगॉग बांधले होते. जगात इतरत्र ज्यूंच्या वाट्याला आलेला द्वेष या किनाऱ्यावर कधी रुजलाच नव्हता.

कंपनी सरकारला ज्यूंविषयी विशेष माया होती असे मुळीच नाही. सरकारला व्यापार वाढायला हवा होता. पण कोर्टकचेरी होती, लिहिलेला करार पाळला जाई आणि रात्रीतून कुणी घरदार लुटून नेईल ही धास्ती नव्हती. बगदादहून आलेल्या माणसाला याची किंमत वेगळी सांगावी लागली नाही. कापूस, कापड, नीळ अशा व्यापारात त्यांनी जम बसवला. मुलांना देशोदेशी पाठवून पेढ्या काढल्या. बगदादहून आलेल्या ज्यूंना नोकरी, राहायला जागा आणि मुलांना शाळा दिली. १८५३ साली ते ब्रिटिश प्रजाजन झाले. तरीही अंगावर अरबी पोशाख राहिला आणि सही हिब्रू लिपीतच होत राहिली.

या चरित्रातली काळी बाजूही झाकून चालणार नाही. ससून घराण्याच्या संपत्तीत अफूचा वाटा मोठा होता. चीनची दारे १८४२ च्या तहाने युद्ध करून उघडली गेली आणि हिंदुस्थानातली अफू तिथे नेणाऱ्यांत ससून पेढी पुढे आली. ज्या सरकारने एका परागंदाला आसरा दिला, त्याच सरकारच्या धोरणाने चीनमधली असंख्य घरे धुळीला मिळाली. शिवाय छळ सोसून आलेल्या बगदादी मंडळींनी इथल्या बेने इस्रायल धर्मबांधवांपासून अंतरच राखले. सोसलेले दुःख माणसाला नेहमीच उदार करते असे नाही.

मात्र मिळवलेल्या पैशातून त्यांनी दोन्ही हातांनी दिलेही. भायखळ्याचे सिनेगॉग, मुंबईत मुलांसाठी सुधारगृह, पुण्यातले रुग्णालय ही त्यांची देणी. पुण्याची हवा त्यांना मानवली होती. इथेच, आपल्या बंगल्यात, नोव्हेंबर १८६४ मध्ये त्यांचे निधन झाले. रुग्णालय आणि लष्कर भागातले ओहेल डेव्हिड सिनेगॉग, म्हणजे आपले लाल देऊळ, या दोन्ही इमारती १८६७ साली पूर्ण झाल्या. दोन्ही त्यांनी पुऱ्या झालेल्या पाहिल्या नाहीत. त्यांची समाधी लाल देवळाच्याच आवारात आहे.

त्या लाल देवळाच्या फाटकावर आज पोलीस बंदोबस्त असतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मुंबईच्या नरिमन हाउसमध्ये ज्यू कुटुंबाला आणि पाहुण्यांना वेचून मारले गेले. मारेकरी समुद्रापलीकडून आले होते, तरी जे या मातीत कधी घडले नव्हते ते घडले. १३ फेब्रुवारी २०१० रोजी पुण्यात कोरेगाव पार्कच्या जर्मन बेकरीत स्फोट झाला. तिथून ज्यूंचे खबाद हाउस हाकेच्या अंतरावर होते. तेव्हापासून बंदोबस्त वाढला. जून २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला. २०११ च्या जनगणनेत साऱ्या देशात ज्यू सुमारे साडेचार हजारच उरले होते आणि त्यांतले निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात होते. इतक्या थोड्या लोकांना मतपेटीत वजन नसते. म्हणूनच त्यांची दखल घेणे ही सरकारची खरी परीक्षा असते.

बंदुकधारी शिपाई आणि सरकारी निर्णय दोन्ही हवेत. परंतु कोकणातल्या खेड्यांनी शनिवार तेल्यांना शेकडो वर्षे जे दिले, ते कुठल्याच जीआरमध्ये लिहिलेले नव्हते. शेजाऱ्याचा सुटीचा वार वेगळा आहे एवढे त्यांनी ध्यानात ठेवले आणि बाकी सारे व्यवहार आपल्यासारखेच धरले. बगदादमध्ये शेजारी होते, पण कायदा नव्हता. आपल्याकडे दोन्ही आहेत, ते टिकवायला हवेत.

मारुंजीहून कुणी ससूनला गेले की आधी केस पेपरच्या रांगेत उभे राहावे लागते. त्या रांगेत पुढचा कोण, मागचा कोण, हे कुणी विचारीत नाही. धर्मापायी घर सोडावे लागलेल्या माणसाचे नाव त्या दारावर आहे, हे पुढच्या वेळी मुलांना जरूर सांगावे.