पोरांच्या छऱ्याच्या बंदुकीवरून आयडिया आली आणि या माणसाने धातूचा फवारा मारून दाखवला

जेसीबीचा हात वरखाली होताना एक चकचकीत दांडा आतबाहेर करताना तुम्ही पाहिला असेल. त्याच्यावर असतं हार्ड क्रोम. पण ते चढवायचं म्हणजे दांडा क्रोमिक ॲसिडच्या हौदात बुडवायचा, आणि त्यातल्या क्रोमियममुळे कॅन्सर होतो. म्हणून सप्टेंबर २०१७ पासून युरोपियन युनियनने खास परवानगीशिवाय त्याचा वापर बंद केला.

मग पर्याय काय? बुडवण्याऐवजी फवारा मारायचा. हे डोकं होतं मॅक्स उलरिख शूप या स्विस गड्याचं.

शूप १८७० साली फ्राउएनफेल्डमध्ये जन्मला. असं सांगतात की, पोरं बागेच्या भिंतीवर छरे मारत होती आणि शिशाचे ते छरे चपटे होऊन भिंतीलाच चिकटून बसत होते. गोष्ट खरी की रंगवलेली, ते सोडा. वेगात आलेला मऊ धातू आदळला की चिकटतो, हे शूपने पकडलं.

सुरुवातीला तो वितळलेला धातू दाबाखालच्या वायूने उडवायचा. यंत्र अवजड, हलवायची सोय नाही. १९१२ च्या सुमारास त्याने पिस्तूल केलं. मागून तार सरकते, ज्योतीत वितळते आणि हवेच्या झोताने तिचे थेंब उडतात. थेंब आदळताच चपटा होऊन गार पडतो, त्यामुळे खालची वस्तू तापत नाही. लाकडावर, कागदावरसुद्धा धातू चढवता येतो म्हटल्यावर लोक बघतच राहिले असतील.

लोखंडावर जस्त फवारलं की गंजाचा प्रश्न झकास सुटायचा. थेंबांच्या थरात बारीक छिद्रं राहतातच, पण तिथून पाणी शिरलं तरी जस्त स्वतः आधी झिजतं आणि लोखंडाला वाचवतं.

क्रोमची जागा घ्यायची तर मात्र हे चालत नाही. तिथे थर कठीण पाहिजे, आणि कठीण थर लोखंडासाठी बळी जात नाही. उलट एखादं छिद्र राहिलं तर आतल्या आत लोखंडच खाल्लं जातं. हार्ड क्रोमचंही हेच दुखणं आहे. त्याला केसासारख्या भेगा असतात आणि खारं पाणी त्यातून खाली उतरतं.

शूप १९५६ मध्ये झुरिकला वारला. १९८० च्या दशकात आवाजापेक्षा जास्त वेगाने पावडर मारणाऱ्या एचव्हीओएफ गन आल्या. इतक्या वेगाने आदळलेला थर घट्ट बसतो, छिद्रं एक टक्क्याच्याही खाली जातात. विमानाच्या लँडिंग गिअरवर आज टंगस्टन कार्बाइड, कोबाल्ट आणि क्रोमचं मिश्रण असंच मारतात. नुसता कोबाल्ट खाऱ्या पाण्यात टिकत नाही, म्हणून त्याला क्रोमची जोड. म्हणजे क्रोम गेलं नाहीच, फक्त ॲसिडचा हौद गेला. वरून सीलर भरला की उरलीसुरली छिद्रंही बुजतात.

अडचण एकच. फवारा सरळ रेषेत जातो, अरुंद नळीच्या आत पोचत नाही. त्या कामासाठी क्रोमचे हौद अजून चालू आहेत.